खाम नदीकाठची पाणचक्की: यंत्र म्हणून बघायची असेल तर

छत्रपती संभाजीनगरला आलेला पाहुणा बीबी का मकबरा बघून परतताना पाणचक्कीला थांबतो, हौदातले मासे बघतो, भिंतीवरून पडणाऱ्या धारेसमोर फोटो काढतो आणि अर्ध्या तासाच्या आत बाहेर पडतो. बाग म्हणून, दर्गा म्हणून, उन्हातून आल्यावर टेकायची गार जागा म्हणून पाणचक्कीबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. इथे तिचं परीक्षण एकाच अंगाने केलं आहे. पाण्याच्या ताकदीवर चालणारं जुनं यंत्र बघायला कुणी आलं, तर त्याला काय दिसतं, काय नजरेआड राहतं, कधी यावं आणि नेमकं कशाकडे बघावं, एवढंच.

निकाल आधीच सांगून टाकू. यंत्राची आवड असलेल्याने, पाणीपुरवठा, सिंचन किंवा विजेच्या खात्यात काम करणाऱ्याने, आयटीआय-पॉलिटेक्निकच्या मुलामुलींनी आणि शाळेच्या वरच्या वर्गांनी इथे वाट वाकडी करून यावं. दीड तास हाताशी ठेवावा. मात्र पावसाळा संपता संपता यावं. एप्रिल-मेमध्ये आलात तर इमारत दिसेल, पण यंत्राचा जीव म्हणजे पाणी, ते तेव्हा अंगात नसतं.

पाणचक्की खाम नदीच्या काठावर, महमूद दरवाज्याजवळ आहे. मध्य आशियातून दख्खनेत आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा हा तकिया. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश यांचीही कबर इथेच आहे. तकिया म्हणजे नुसती समाधी नव्हे. मशीद, मदरसा, सराई, येणाऱ्याजाणाऱ्या फकिरांची आणि मुसाफिरांची राहण्याजेवणाची सोय, असा सगळा पसारा होता. इतक्या माणसांच्या रोजच्या रोटीला लागणारं पीठ दळायला ही चक्की. नहर (म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारी नळाची वाट) आणि चक्कीचं काम अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, निजामुल्मुल्क आसफजाहच्या काळातलं. ते करवून घेणारा सरदार म्हणून तुर्कताझ खानाचं नाव सांगतात. राजवाड्याच्या शोभेसाठी न बांधता स्वयंपाकघराच्या गरजेसाठी बांधलेलं हे यंत्र आहे. आमच्या लेखी ही त्याची पहिली मोठी गोष्ट.

आता पाण्याची वाट. पाणचक्की समजून घ्यायची तर सुरुवात हौदापासून करू नका, डोंगरापासून करा. शहराच्या उत्तरेला हर्सूल-जटवाड्याकडे डोंगररांग आहे. तिथलं पावसाचं पाणी काळ्या कातळाच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरातून झिरपत ओढ्याकाठी येतं. नहर बांधणाऱ्यांनी हे झिरपणारं पाणी विहिरीत अडवलं आणि जमिनीखालच्या नळातून काही किलोमीटर चालवत खामेच्या काठापर्यंत आणलं. वर धरण नाही, मोठा तलाव नाही. साठवण डोंगराच्या पोटातच आहे. म्हणूनच पाऊस पडून गेल्यावरही महिनोन्‌महिने धार चालू राहते आणि म्हणूनच डोंगराचं पोट रिकामं झालं की ती आटते.

या शहराला ही विद्या नवी नव्हती. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं आणि त्यानंतर काही वर्षांतच नहर-ए-अंबरी खोदली गेली. पुढे आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर याच परंपरेतली, फक्त तिने एक पाऊल पुढे टाकलं. आलेलं पाणी प्यायला आणि वजूला (नमाजाआधी हात-पाय धुवायला) देण्याआधी त्याच्याकडून काम करून घेतलं.

नळ मातीचे भाजलेले, खापरी. जोड चुन्यात बसवलेले. खापरी नळाचा एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. तो वरच्या मातीचं ओझं सोसतो, पण आतून पाण्याचा दाब आला की सांध्यात फुटतो. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब देतो. डोंगरातून शहराकडे उतरताना नळ सलग बंद ठेवला असता तर खालच्या अंगाला हा दाब वाढत गेला असता आणि कुठला ना कुठला सांधा सुटला असता. त्यावर उपाय म्हणून वाटेत ठिकठिकाणी दगड-चुन्याचे मनोरे उभे करत. पुण्याकडे कात्रजच्या नळाला अशांनाच उच्छ्वास म्हणतात. मनोऱ्यात पाणी एका नळाने वर चढतं, माथ्यावरच्या उघड्या कुंडीत येतं आणि दुसऱ्या नळाने खाली उतरतं. कुंडी उघडी असल्याने तिथे दाब शून्यावर येतो, पुढच्या टप्प्याचा हिशेब नव्याने सुरू होतो. नळात अडकलेली हवा तिथे निघून जाते, आणि गाळ कुंडीच्या तळाशी बसतो, तो उपसता येतो. दाब तोडणं, हवा काढणं आणि गाळ धरणं ही तीन कामं एकाच दगडी खांबात.

पाणचक्कीच्या आवारात समोर जी उंच भिंत दिसते, तिच्याकडे याच नजरेने बघा. लोकांना वाटतं की पाणी पंपाने वर चढवून खाली सोडलंय. मूळ योजनेत पंपाला जागाच नाही. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची पातळी जुळवतात, तोच नियम इथे आहे. बंद नळातलं पाणी जिथून निघालं त्या उंचीपर्यंत परत चढू बघतं. वाटेत नळाच्या कडांशी घासून त्याची काही उंची खर्ची पडते, उरलेली उंची शेवटी वापरता येते. हिशेबापुरतं धरा की शेवटच्या मनोऱ्यापासून इथल्या जमिनीपर्यंत १० मीटरचा उतार आहे आणि घर्षणात ४ मीटर गेले. मग भिंतीत पाणी ६ मीटर वर येईल. नळ खरबरीत झाला, मुळं शिरली, सांधे पाझरायला लागले तर घर्षण आणि गळती वाढते, आणि ६ चे ५ होतात, ५ चे ४. भिंतीवरची धार बारीक दिसली की रोग इथे शोधायचा नसतो. तो मागे कुठेतरी जमिनीखाली असतो.

वर आलेल्या पाण्यापैकी काही हौदात पडतं. तीच फोटोतली धार. हौदात कारंजी आहेत. हौद भरला की जादाचं पाणी खामेत उतरतं. या हौदाखाली खांबांवर तोललेलं मोठं दालन आहे. हौदाचा तळ म्हणजे दालनाचं छत. डोक्यावर पाणी, बाजूला नदी, त्यामुळे मराठवाड्यातल्या चैत्र-वैशाखातही आत गारवा राहतो. बांधकामाच्या अंगाने ही फार अवघड गोष्ट आहे. चुन्याच्या छतावर कायम पाणी उभं ठेवायचं तर छतात तडा जाऊन चालत नाही, आणि चुना कोरडा-ओला, कोरडा-ओला होत राहिला तर तडे जातात. म्हणून असा हौद रिकामा ठेवणं हे भरलेला ठेवण्यापेक्षा जास्त धोक्याचं. हौदाकाठी उभं राहून खालच्या दालनाचा विचार करा, मग त्या आरशासारख्या पाण्याचं खरं मोल कळतं.

आता चक्की. हौद बघून लोक निघतात तिथे आपलं काम सुरू होतं.

चक्कीत दोन दगड. खालची तळी पक्की बसवलेली, वरची फिरती. वरच्या तळीच्या मधोमध भोक, त्यातून धान्य आत जातं. घरच्या जात्यात हेच असतं, फक्त तिथे वरच्या तळीला खुंटा असतो आणि तो माणूस फिरवतो. इथे खुंटा नाही. वरच्या तळीच्या भोकात आडवी लोखंडी पट्टी बसवलेली असते, ती खालून आलेल्या उभ्या दांड्यावर टेकते. दांडा खालच्या तळीच्या भोकातून आरपार जाऊन खाली पाण्याच्या जागेत उतरतो, आणि त्याच्या बुडाशी आडवं चाक बसवलेलं असतं, कडेने पाती असलेलं. उंचावरून आलेली धार एका बाजूने या पात्यांवर आदळते. चाक फिरलं की दांडा फिरतो, दांडा फिरला की तळी फिरते. चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. मधे दाते नाहीत, पट्टा नाही, कप्पी नाही.

बघताना इथे थांबा. परदेशी पुस्तकांतल्या चित्रांत पाणचक्की म्हणजे इमारतीच्या बाजूला उभं फिरणारं मोठं लाकडी चाक. तसं चाक शोधत इथे आलेले लोक निराश होतात आणि कारंजं बघून परततात. इथलं चाक आडवं आहे, जात्याच्या खाली आहे, आणि आकाराने लहान आहे. हिमालयातली घराटं याच जातीची. उभ्या चाकाचा फेरा तळीसाठी आडवा करायला दात्यांची जोडी लागते, ते दाते घासतात, तुटतात, सुताराला बोलवावं लागतं. आडव्या चाकात बिघडण्यासारखे भाग मोजकेच. त्याची किंमत अशी की पाण्याची बरीचशी ताकद वाया जाते.

किती ताकद मिळते, याचा अंदाज कागदावर काढता येतो आणि मुलांकडून तो काढून घ्यावाच. सूत्र सोपं आहे: दर सेकंदाला पडणारे लिटर गुणिले पडण्याची उंची मीटरमध्ये गुणिले ९.८ म्हणजे वॅट. उदाहरणासाठी १० लिटर आणि ६ मीटर घ्या. ५८८ वॅट होतात. साध्या आडव्या चाकाने यातला एक तृतीयांश हाती लागला असं धरलं तर २०० वॅटच्या जवळपास. घरगुती आटाचक्कीला १ अश्वशक्तीची मोटर असते, म्हणजे ७४६ वॅट. गल्लीतल्या गिरणीची मोटर त्याच्या कितीतरी पट. मग २०० वॅट किरकोळ वाटतात. पण जात्यावर बसलेलं माणूस तासन्‌तास दळत राहिलं तर ७५ वॅटच्या आसपास ताकद देऊ शकतं. म्हणजे ही धार अडीच-तीन माणसांचं काम करते, आणि ती थकत नाही, झोपत नाही. चोवीस तासांत २०० वॅटने जवळपास ५ युनिट काम होतं. मुसाफिरखान्याच्या पिठाला यापेक्षा जास्त काय हवं होतं? ना बैल, ना सरपण, ना दळणारीचे हात.

त्याच उदाहरणात वेगही बघा. ६ मीटरवरून आलेली धार सेकंदाला साधारण ११ मीटर वेगाने पात्यावर आदळू शकते. नळातल्या घासण्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. पातं धारेच्या निम्म्या वेगाने पळत असेल तेव्हा धारेतून सगळ्यात जास्त काम मिळतं. चाकाचा व्यास १ मीटर धरला तर हे मिनिटाला ९०-१०० फेऱ्यांच्या घरात येतं. दगडी तळीला हा वेग ठीक आहे. गिरणीत तळी याहून जोरात पळते, पीठ हाताला गरम लागतं. पाण्याच्या चक्कीचं पीठ गार निघतं ते यामुळे.

तुम्ही जाल तेव्हा चक्की फिरत असेल तर एक गोष्ट नक्की तपासा: आत धान्य आहे की ती रिकामी फिरतेय? रिकामी असेल तर ती जोरात फिरते, कारण अडवायला काही नाही. बघायला ते छान वाटतं, पण त्या वेगावरून दळण्याचा वेग ठरवू नका. धान्य पडलं की फेरे उतरतात आणि आवाज जड होतो. रिकामं फिरवताना वरची तळी थोडी उचललेली असायला हवी. तळीला तळी घासली तर दगडाची कच सुटते, टाकीने, म्हणजे छिन्नीने, तळीवर पाडलेल्या रेघा बुजतात, आणि पुढचं दळण कचकच लागतं. ज्याने घरात जातं वापरलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

तळी उचलायची-टेकवायची सोय हा अशा चक्कीचा सगळ्यात हुशार भाग. दांड्याचं खालचं टोक एका दगडावर किंवा धातूच्या वाटीत टेकून फिरतं. ती वाटी ज्या आडव्या तुळईवर बसते तिचं एक टोक वर-खाली करता येतं. तुळई केसभर उचलली की दांडा उचलतो, दांड्यावर बसलेली तळी उचलते, आणि पीठ भरड निघतं. खाली केली की बारीक. सगळं वजन त्या एका वाटीवर येत असल्याने झीजही तिथेच होते. वाटी एका बाजूने झिजली की दांडा कलतो, तळी एकीकडे टेकते, एका अंगाने पीठ आणि दुसऱ्या अंगाने दाणे अशी गत होते. आवारात चक्कीची माहिती देणारं कुणी भेटलं तर ‘कधी बांधली’ हा प्रश्न दुसऱ्या नंबरावर ठेवा. आधी विचारा की दांडा कशावर टेकतो आणि तळीला टाकी शेवटची कधी लावली. या दोन प्रश्नांनी गप्पा वेगळ्याच वळणाला लागतात.

काय बिघडतं आणि का, हेही या परीक्षणात यायला हवं, कारण पाणचक्कीचं भवितव्य त्यावर आहे. पहिलं म्हणजे नहर. तिच्या वाटेवर आता शहर आहे. घराचा पाया, ड्रेनेजची चारी, रस्त्याचं खोदकाम, यातलं काहीही खापरी नळाला पुरेसं आहे. फुटलेल्या सांध्यातून पाणी जातं तेवढंच नुकसान नाही, बाहेरची घाणही आत येते. वड-पिंपळाची मुळं ओलाव्याचा माग काढत सांध्यात शिरतात आणि नळात झाडूसारखी पसरतात. दुसरं, क्षार. आपल्या कातळातलं पाणी जड, त्यामुळे नळाच्या आतून चुन्याचा थर चढत जातो. नळाचं भोक १५ सेंटिमीटरवरून १२ वर आलं तरी तेवढ्याच उतारावर वाहणारं पाणी जवळपास निम्मं होतं, कारण भोकाच्या आकाराचा परिणाम वर्गापेक्षाही जास्त होतो. तिसरं, बोअरवेल. डोंगराच्या पायथ्याला जितकी भोकं पडतील तितकं ते झिरपणारं पाणी नहरीत येण्याआधीच उपसलं जाईल. या तिसऱ्या कारणावर पाणचक्कीच्या आवारात बसून कुणालाच उपाय करता येणार नाही. तो डोंगरातच करावा लागेल: चर, बांध, झाडं आणि उपशाला आवर.

चौथं कारण नदी. चाकावरून उतरलेलं पाणी निघून जायला खाली जागा हवी. खामेला पूर येऊन निकासाचं तोंड पाण्याखाली गेलं की चाकाभोवती पाणी तुंबतं, पाती पाण्यात बुडून फिरायला बघतात आणि धार कितीही जोरात असली तरी चाक अडतं. म्हणजे भर पावसात, पाणी सगळ्यात जास्त असताना चक्की थांबू शकते. यात यंत्राचा दोष नाही, वर-खालच्या पातळीतला फरकच तेव्हा कमी होतो. मोठ्या जलविद्युत केंद्रालाही हाच नियम लागू आहे. नदीत राडारोडा टाकून पात्र उथळ केलं की हा त्रास वाढणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. खामेच्या स्वच्छतेचं काम अलीकडे शहराने मनावर घेतलंय, ते पाणचक्कीच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे.

जायची वेळ. गणपती ते मार्गशीर्ष हा काळ उत्तम. पाऊस होऊन डोंगर भरलेला असतो, धार जाड असते, नदीचा पूर ओसरलेला असतो. संक्रांतीनंतर धार उतरणीला लागते. दुष्काळी सालात तर दसऱ्यालाच उतरते, त्यामुळे त्या वर्षी आपल्याकडे पाऊस कसा झालाय ते बघून बेत करा. दिवसातली वेळ सकाळची. उजेड तिरपा असला की चक्कीच्या जागेत नीट दिसतं, आणि मकबऱ्याकडून येणाऱ्या बसगाड्या पोचलेल्या नसतात. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर आवारात इतकी वर्दळ असते की दळणाचा, पाण्याचा आवाज कानावर पडत नाही. पाणचक्की बघायची तेवढीच ऐकायचीही गोष्ट आहे.

मकबरा इथून दोनेक किलोमीटर, बसस्थानकही फार लांब नाही, रिक्षा सहज मिळते. दोन्ही ठिकाणांची तिकिटं वेगवेगळी आहेत, मकबऱ्याचं तिकीट इथे चालत नाही. जुन्या दरवाज्यांच्या कमानी अरुंद असल्याने शाळेची मोठी बस असेल तर चालकाला आधी रस्ता विचारून घ्यायला सांगा. दर्गा आणि मशिदीच्या भागात चपला काढाव्या लागतात, डोकं झाकायला रुमाल-ओढणी जवळ असावी. शुक्रवारी दुपारच्या नमाजाची वेळ टाळावी, आपलीही गर्दी होत नाही आणि त्यांनाही मोकळीक मिळते. हौदाची कड ओली आणि गुळगुळीत असते, लहान मुलांचा हात सोडू नका. माशांना बिस्किटं-पाव टाकू नयेत. पाणी खराब होतं, आणि हे पाणी नुसतं शोभेचं नाही. आवारात आणि बाहेर हिमरू शाली, बिदरीच्या वस्तू मिळतात. हातमागावरची खरी हिमरू आणि यंत्रमागावरची यांच्या किमतीत मोठा फरक असतो, पारख नसेल तर तिथे घाई करू नये.

आता कमी काय पडतं. यंत्र बघायला आलेल्याला सगळ्यात जास्त उणीव भासते ती छेदचित्राची. भिंत, नळ, चाक, दांडा, तळी आणि निकास हे सगळं एका उभ्या छेदात दाखवणारं मोठं चित्र चक्कीसमोर हवं. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, चारही भाषांत. खाली चाकापाशी एक मंद दिवा आणि एक आरसा बसवला तर वरून उभ्या असलेल्यालाही पाती दिसतील. खर्च काहीच नाही. त्याच्याही पुढे जाऊन आठवड्यातून एक दिवस ठरावीक वेळी पायलीभर ज्वारी प्रत्यक्ष दळून दाखवली तर मराठवाड्यातलं एकही पोर ते विसरणार नाही. नहरीच्या वाटेवरचे मनोरे, विहीर आणि पाणचक्की जोडणारी पायी फेरी आखता आली तर इथला मुक्काम आपोआप अर्ध्या दिवसाचा होईल.

शाळेची सहल असेल तर पाणचक्कीला एकटं ठेवू नका. मराठवाड्यात पाण्याची ताकद अनेक रूपांत बघता येते. तुळजापूर तालुक्यातलं नळदुर्ग घ्या. बोरी नदीवर किल्ल्याच्या आतच दगडी बांध घातलाय, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ मध्ये. बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे आणि पावसाळ्यात त्याच्यावरून नर-मादी हे दोन धबधबे कोसळतात. तिथे पाण्याच्या ताकदीकडून काम घेतलेलं नाही, पण ती ताकद अंगावर घेऊन चारशे वर्षं उभं राहणं म्हणजे काय ते दिसतं. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे, सापडायला सोपं.

नंतर येलदरी. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरचं हे धरण आणि त्याच्या पायथ्याचं जलविद्युत केंद्र १९६८ चं. साडेसात मेगावॉटचे ३ संच, एकूण २२.५ मेगावॉट. आपल्याकडे २५ मेगावॉटपर्यंतच्या केंद्राला लघुजलविद्युत म्हणतात, म्हणजे येलदरी अजून ‘लहान’ गटातच मोडतं. तरी आपल्या कागदावरच्या २०० वॅटच्या तुलनेत ते लाखाहून अधिक पट आहे. वीज काढून झालेलं पाणी खाली हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणात अडवलं जातं आणि तिथून कालव्यांना सुटतं. आधी काम, मग उपयोग, हीच पाणचक्कीचीही रीत. केंद्राच्या आत जायला परवानगी लागते, सहलीच्या कितीतरी आधी लेखी अर्ज करावा. पैठणला नाथसागराच्या पायथ्याशी १२ मेगावॉटचा संच आहे, तो उलटाही फिरतो, म्हणजे खालचं पाणी पुन्हा वर चढवू शकतो. तेही वरच्या वर्गांना समजावून सांगण्यासारखं.

क्रम लावायचा झाला तर पाणचक्की पहिली ठेवा. येलदरीत यंत्र काँक्रीटच्या आत बंद असतं, मार्गदर्शक सांगेल तेवढंच कळतं. इथे धार, चाक, दांडा आणि तळी या चारच गोष्टी आहेत, आणि त्या कळलेल्या मुलाला पुढे टर्बाइन, शाफ्ट आणि जनरेटर हे शब्द जड जात नाहीत. चाळीस मुलांचा वर्ग एकदम चक्कीपाशी नेऊ नका, मागच्यांना काही दिसत नाही. दहा-दहाचे गट करा. एक गट चक्कीपाशी फेरे मोजू दे, घड्याळ लावून, मिनिटभर. एक गट भिंतीची उंची काढू दे. एका मुलाला भिंतीशेजारी उभं करून दुरून अंदाज घेतला तरी चालतो. तिसरा गट हौदाकाठी धार किती जाड आहे त्याची नोंद करू दे, आणि चौथा नदीकडच्या बाजूला जाऊन पाणी कुठून बाहेर पडतं ते शोधू दे. मग गट फिरवा. बादली आणि सेकंदकाटा असेल आणि तिथल्या लोकांनी परवानगी दिली तर निकासाच्या तोंडाशी लिटरही मोजता येतात. १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते तीनदा बघायचं आणि सरासरी घ्यायची. बादलीत सगळी धार मावत नसेल तर जेवढी मावली तेवढ्याचाच आकडा मांडा आणि तसं वहीत लिहा. वर्गात परतल्यावर लिटर गुणिले उंची गुणिले ९.८.